देवाला सगळं आधीच ठाऊक होतं, मग आम्ही नऊ दिवस कोणाला विनवत होतो?

निपाणीकडच्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. तो थोडक्यात असा. बेळगावला कामाला असलेला धाकटा भाऊ रविवारी सकाळी घरी यायचा होता. तो शनिवारी रात्रीच निघाला आणि तवंदी घाटात अपघात झाला. नऊ दिवस आयसीयूत होता. चर्चच्या मंडळीने साखळी प्रार्थना केली, म्हणजे आळीपाळीनं अखंड, रात्री दोनची वेळसुद्धा रिकामी जाऊ दिली नाही. दहाव्या दिवशी तो गेला. दफनाच्या वेळी एक ज्येष्ठ म्हणाले, "देवाची इच्छा." दुसरे कोणी हळूच म्हणाले, "विश्वास कुठंतरी कमी पडला." ताई विचारतात, देव सर्वज्ञ असेल तर हे त्याला जगाच्या आरंभापासून माहीत होतं. माहीत होतं म्हणजे ठरलेलंच होतं. ठरलेलं होतं, तर आमच्या प्रार्थनेला काय अर्थ? आणि ठरलेलं नव्हतं, तर देव सार्वभौम कसला?

प्रश्नाच्या शेवटी कंसात एक ओळ आहे: "मीच त्याला आज रात्रीच ये म्हटलं होतं." त्या ओळीकडे मी शेवटी येतो. पण ताई, मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तिथं आहे, वरचा सगळा त्याच्यावर पांघरलेला आहे. ठरलेलं होतं म्हटलं तर तुम्ही सुटता, पण देव क्रूर ठरतो. ठरलेलं नव्हतं म्हटलं तर देव सुटतो, आणि तुम्ही अडकता. या कात्रीत कोणीही झोपू शकणार नाही.

मी मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांमध्ये तीसेक वर्षं पाळक होतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी या तालुक्यांतल्या छोट्या मंडळ्या. घरात मराठी आणि उपासनेत निम्मी गाणी कन्नड, अशी माणसं. हा प्रश्न मला अभ्यासवर्गात विचारला गेला आहे आणि ओल्या मातीच्या कबरीशेजारीही. दोन्हीकडे एकच उत्तर चालत नाही. भाऊ जाऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. अजून महिना उलटला नसेल तर हे सगळं बाजूला ठेवा, नंतर वाचा. घाई नाही.

आधी आपल्या भाषेतली एक अडचण. आपल्याकडे बाळाच्या पाचवीला सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. कन्नडमध्ये त्याला हणेबरह म्हणतात. तीन-चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही हे बोलणं गेलेलं नाही. मी स्वतः वडीलधाऱ्यांना चर्चच्या पायरीवर "सटवीनं लिहिलेलं कोण पुसणार" म्हणताना ऐकलंय. होतं काय, की आपण सटवाई काढून तिच्या जागी परमेश्वर बसवतो आणि लिहिणं तसंच ठेवतो. मग देवाचं पूर्वज्ञान म्हणजे कपाळावरची ओळ होते, जी वाचता येत नाही आणि खोडताही येत नाही.

शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, देव तसा नाही. स्तोत्र 139 म्हणतं की शब्द जिभेवर येण्याआधी तो जाणतो, आणि दिवस उगवण्याआधी ते त्याच्या पुस्तकात लिहिलेले असतात. खरं आहे. पण त्याच शास्त्रात हिज्कीया राजाला "तू मरणार, घराची व्यवस्था लाव" असा निरोप येतो, तो भिंतीकडे तोंड करून रडतो, आणि संदेष्टा यशया राजवाड्याच्या मधल्या चौकातून बाहेर पडायच्या आत मागे फिरवला जातो: पंधरा वर्षं वाढवली. सटवाईला कोणी रडून परत बोलावलेलं मी ऐकलं नाही. दोन्ही उतारे एकाच ग्रंथात आहेत आणि मी त्यातला एकही फाडून टाकणार नाही. म्हणून मला "लिहिलेलं" या शब्दाचा अर्थ जरा जपून लावावा लागतो.

आता "माहीत होतं म्हणजे ठरलेलं होतं" हे तुमचं वाक्य घेऊ. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी असलेल्यांना हे समजावून सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलावर 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. कोयना धरणातून किती सोडलं, राजापूर बंधाऱ्यावर किती क्युसेक आहे, हे आकडे ऐकून खाली कुडची-उगारकडची जुनी माणसं सांगायची, उद्यापर्यंत पाणी अमक्या गल्लीत शिरणार. आणि शिरायचं. त्यांनी सांगितलं म्हणून शिरलं का? पाणी येणार होतं म्हणून त्यांना कळलं. त्यांना कळलं म्हणून पाणी आलं नाही. जाणणं घटनेच्या मागून चालतं, मग ते वेळेने कितीही आधी असो.

माणसांचा तो अंदाज होता, देवाचा अंदाज नसतो, हे कबूल. सहाव्या शतकात बोएथियस नावाचा एक विद्वान राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात पडला, देहदंडाची वाट पाहत, आणि तिथे त्यानं याच गाठीवर लिहिलं. त्याचं म्हणणं असं की देव पुढचं आधी पाहत नाही. त्याला आधी-नंतर नाहीच, सगळं एकाच वर्तमानात समोर आहे. पुढे थॉमस अक्वायनस यांनी उंचावरून रस्ता पाहणाऱ्याचं उदाहरण दिलं. आपल्याकडे यळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहा. खालच्या वाटेवरच्या माणसाला पुढच्या वळणापलीकडचं दिसत नाही. वरून पुढचा आणि मागचा दोघेही एकदम दिसतात. वरून दिसलं म्हणून कोणी वळणावर ढकलला जात नाही.

इथपर्यंतचं झालं ज्ञानाचं. माझ्यासारखे बरेच पाळक इथे थांबतात, कारण इथपर्यंत सगळं नीट बसतं. पण तुम्ही सार्वभौमत्वही विचारलंय, आणि तिथे माझी पुराच्या मोजपट्टीची उपमा फुटते. ती फुटू द्यायला हवी. देव पुलावर उभा राहून आकडे वाचणारा कारकून नाही. धरणाचे दरवाजेही त्याच्याच हातात आहेत, असं आपण मानतो. ज्याला पाणी येताना दिसतं आणि ज्याच्या हातात दरवाजा आहे, त्यानं तो बंद का केला नाही? "त्याला नुसतं माहीत होतं" हे याचं उत्तर होत नाही.

याचं उत्तर मंडळ्यांनी एक दिलेलं नाही, आणि गंमत म्हणजे ती फूट आपल्या सीमाभागातून जाते. बेळगावात लंडन मिशनने 1820 मध्ये काम सुरू केलं आणि 1904 मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. तिकडे कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल त्यांनीच काढलेलं. मेथडिस्ट त्यांचे संस्थापक जॉन वेस्लीचे, प्रेस्बिटेरियन सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्व्हिन यांच्या वाटेचे. आणि या दोन घरांत वर्षानुवर्षं सोयरिकी होत आल्या आहेत. माझी आई मिरजेची, म्हणजे मी या वादाचा घरचाच साक्षीदार.

प्रेस्बिटेरियनांचं म्हणणं 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात आहे: जे जे घडतं ते सर्व देवाने अनादिकाळापासून नेमलं आहे, मात्र त्यामुळे तो पापाचा कर्ता होत नाही, आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्तीही होत नाही. दुसरा भाग लोक विसरतात. या मतात काहीही वाया जात नाही, घाटातली ती रात्रसुद्धा. पण एखाद्या गाडीवाल्याची बेफिकिरीही नेमलेल्यात धरावी लागते, आणि हा घास गिळायला जड आहे.

वेस्लीचं म्हणणं वेगळं. देव जाणतो, पण जाणतो म्हणून घडत नाही. त्यानं आपल्याच अधिकारानं माणसाला होय-नाही म्हणायची मोकळीक दिली, आणि ती देणं हाच त्याच्या सार्वभौमत्वाचा भाग. राजा किल्ल्या वाटू शकतो, म्हणून तो राजा नाही असं होत नाही. या मतात देवाच्या चांगुलपणाला धक्का लागत नाही. पण "थांबवता येत होतं, थांबवलं नाही" ही बोच राहतेच. आमचे लोक ती राहत नाही असं दाखवतात. मला ते पटत नाही.

या मुद्द्यावरून वेस्ली आणि त्याचा जिवलग मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड यांचं जाहीर भांडण झालं. वेस्लीनं 1739 मध्ये प्रवचन दिलं, व्हाइटफील्डनं 1740 च्या डिसेंबरात लांबलचक पत्रानं उत्तर दिलं. मतं शेवटपर्यंत जुळली नाहीत. तरी 1770 मध्ये व्हाइटफील्ड गेला तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनंच केलं. कॅथलिकांतही हेच झालं होतं. जेझुइट आणि डोमिनिकन या दोन धर्मसंघांचे विद्वान दहा वर्षं रोममध्ये वाद घालत होते. 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच तो थांबवला: दोघांनी आपापलं मत ठेवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये. एवढ्या मोठ्या डोक्यांना जी गाठ सुटली नाही ती दफनभूमीच्या फाटकात उभं राहून दोन शब्दांत कोणी सोडवत असेल, तर त्याला नमस्कार करून पुढे जावं.

मी वेस्लीच्या बाजूचा आहे. पण प्रार्थनेबद्दल मी जे शिकलो ते मिरजेच्या आजीकडून. ती पक्की प्रेस्बिटेरियन. सगळं नेमलेलं आहे, केसही मोजलेले आहेत. आणि हीच बाई पावसाळ्यात पाणी उकळून फडक्यानं गाळल्याशिवाय कोणाला घोटभर देत नसे. मी लहानपणी आगाऊपणानं विचारलं, "आजी, मरण नेमलेलं आहे तर पाणी कशाला उकळतेस?" ती म्हणाली, "उकळणं पण नेमलेलंय. चूल बघ, धूर होतोय."

तिचं म्हणणं शास्त्रात जसंच्या तसं आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27. पौलाचं जहाज वादळात सापडलंय, 276 माणसं आहेत. पौल सांगतो, देवाच्या दूतानं मला सांगितलंय, तुमच्यातला एकही मरणार नाही. म्हणजे ठरलं. थोड्याच वेळानं खलाशी होडी टाकून पळू बघतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला, म्हणजे रोमन सैन्याच्या अधिकाऱ्याला, म्हणतो, ही माणसं जहाजात राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. एका तोंडानं "एकही मरणार नाही" आणि त्याच तोंडानं "नाहीतर वाचणार नाही". पौलाला यात विसंगती वाटली नाही. शेवट देवाच्या हातात होता, आणि तिथे पोचायची वाट खलाशांच्या हातांतून जात होती. शेवटी लोक फळ्यांना धरून किनाऱ्याला लागले.

प्रार्थना त्या फळ्यांसारखी आहे. ती देवाला नवी माहिती पुरवत नाही. येशू मत्तयात म्हणतो की तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. पण त्यापुढे तो "म्हणून मागू नका" म्हणत नाही. तो "हे आमच्या स्वर्गातील पित्या" शिकवतो. सर्वज्ञता हे त्याच्या लेखी प्रार्थना न करण्याचं कारण नव्हतं. लांबण न लावण्याचं कारण होतं. देवानं काही गोष्टी आपल्या मागण्यातून घडवायचं ठरवलं, एवढं मी ठामपणे म्हणू शकतो.

मग तुमचे नऊ दिवस कुठे गेले? त्या प्रार्थनेतून काय काय मिळालं याची यादी मी तुम्हाला देणार नाही. पूर्वी दिल्या आहेत अशा याद्या: कुटुंब जवळ आलं, मंडळी एक झाली, वगैरे. लोकांनी ऐकून घेतल्या, माझा मान राखला. ज्याला भाऊ हवा होता त्याच्या हातात अशी यादी ठेवणं बरं नव्हे. तुम्ही मागितलं ते मिळालं नाही. हे असंच म्हणायचं.

आणि "विश्वास कमी पडला" हे म्हणणाऱ्याला गेथशेमाने बागेत पाठवा. तिथे येशूनं दुःखाचा प्याला दूर कर म्हणून विनवलं आणि प्याला दूर झाला नाही. पौलानं अंगातला काटा काढ म्हणून तीनदा मागितलं, काटा राहिला. त्यांचा विश्वास कोणी मोजायला बसणार आहे का? सगळं गमावलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी याच चालीचं तत्त्वज्ञान सांगितलं होतं, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावला तो ईयोबावर नाही, त्या मित्रांवर. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा येशूनं विचारलं: ते इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही.

"देवाची इच्छा" म्हणणाऱ्या ज्येष्ठांबद्दल मात्र मी जरा नरमाईनं बोलेन, कारण मी त्यांच्या जागी उभा राहिलोय. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात विहिरीत बुडालेल्या सात वर्षांच्या मुलाचं दफन होतं. मी तरुण, शिक्षण ताजं. त्याच्या आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "बाई, देवाची इच्छा होती." तिनं पदर बाजूला केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुमास्नी कोण सांगितलं ओ?" तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होती. मला कोणीच सांगितलं नव्हतं. देव सर्व जाणतो हे मी शिकलो होतो, आणि त्यावरून मलाही जाणता येतं असं धरून चाललो होतो.

त्यातला एक दोष शब्दाचा आहे. मराठीत इच्छा म्हटलं की आवड, ओढ असा वास येतो. जेवायची इच्छा, फिरायची इच्छा. म्हणून "देवाची इच्छा" ऐकणाऱ्याला "देवाला हे हवं होतं" असं ऐकू जातं. कन्नड मंडळी देवर चित्त म्हणतात. चित्त म्हणजे मन, आतला विचार. त्याचा थांग नसला तरी चालतं. देवाला जे आवडतं, देव ज्याला वाट देतो, आणि देव शेवटी ज्यातून काही घडवतो, या तीन गोष्टी आपण एका शब्दात कोंबतो. लाजराच्या कबरीपाशी येशू रडला. त्याला तर पुढचं माहीत होतं, थोड्या वेळानं लाजर जिवंत होऊन बाहेर येणार हेही. तरी रडला.

आता ती कंसातली ओळ.

1 शमुवेल, अध्याय 23 काढा. दावीद सहाशे माणसांसह कईला गावात आहे. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल येतोय असं कळल्यावर तो देवाला विचारतो, शौल येईल का? येईल. गावकरी मला त्याच्या हाती देतील का? देतील. दावीद गाव सोडून निघून जातो. मग शौल येतच नाही, आणि कोणी कोणाला हाती देतही नाही. म्हणजे देवानं जे सांगितलं ते घडलंच नाही, तरी ते खरं होतं: दावीद राहिला असता तर तसं झालं असतं. देवाला घडलेलं कळतं, घडणारं कळतं, आणि जे घडू शकलं असतं पण घडलं नाही तेही कळतं. सर्वज्ञता इथपर्यंत पोचते. सोळाव्या शतकात लुईस दे मोलिना या जेझुइटानं याच्यावर अख्खं शास्त्र उभं केलं. त्या खोलात आपल्याला जायचं नाही.

ताई, "रविवारी सकाळी निघाला असता तर सुखरूप पोचला असता" हे तुम्हाला कोण सांगितलं? तुम्ही गेले कित्येक दिवस ते ठाऊक असल्यासारखं धरून चालला आहात, आणि त्यावर स्वतःला शिक्षा सुनावली आहे. सकाळची वाट तुम्ही पाहिलेली नाही. त्या वाटेवर काय होतं ते एकालाच माहीत आहे, आणि त्यानं ते तुम्हाला सांगितलेलं नाही. तुम्हाला जे माहीत होतं ते एवढंच, की भाऊ यावा, लवकर यावा. बहिणीनं भावाला ये म्हणणं, याचा हिशेब कोणत्या न्यायासनापुढे व्हायचा? पाप असतं तर मी सांगितलं असतं. कबुली ऐकून घेण्यात मी कधी कसूर केली नाही. हे पाप नाही.

हे वाचून ओझं एका रात्रीत उतरेल असं मी म्हणत नाही. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांनाही दाखवा. आजीची चूल आठवा. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र 88 मोठ्यानं वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. त्याचा शेवटचा शब्द अंधाराचा आहे, आणि तरी ते देवालाच म्हटलेलं आहे. रविवारी गाता आलं नाही तर बसून राहा, कोणी काही म्हणणार नाही. म्हटलं तर म्हणू दे.

आणि घरात आईला ती कंसातली ओळ ठाऊक आहे का? नसेल तर तिला सांगा. एकटीला जमणार नसेल तर तुमच्या पाळकांना किंवा साखळी प्रार्थनेत रात्री दोनची वेळ घेतलेल्या त्या माणसाला सोबत बसवा, आणि कंस काढून सांगा.